भाकरी फिरवली, आता तव्याचं बोला

जानेवारी 2026 मध्ये मँचेस्टर युनायटेडने रुबेन अमोरिमला नारळ दिला. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी आमचं नेहमीचं टोळकं जमलं. चहा यायच्या आत प्रश्न आला, "बोला, आता पुढचा कोण?" आणि मग जे सुरू झालं ते रात्री साडेअकरापर्यंत. एकाला झिदान हवा होता. (त्याला 2018 पासून झिदानच हवा आहे. झिदानला काय हवंय हे त्याने कधी विचारात घेतलेलं नाही.) दुसरा पोचेटिनोवर अडून बसलेला. तिसरा एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दिवशी म्हणाला की क्रिस्टल पॅलेसचा ग्लासनर आणा, तोही तीन डिफेंडर खेळवतो, म्हणजे अमोरिमसाठी आणलेली माणसं वाया जाणार नाहीत. चौथ्याने चेहरा गंभीर ठेवून पुन्हा सोल्शायरचं नाव काढलं. त्यावर इतका आरडाओरडा झाला की वहिनी आतून बघायला आल्या.

मी गप्प होतो. हे जरा विशेषच, कारण या विषयावर सगळ्यात जास्त बडबड आजवर मीच केलेली आहे.

मग कुणीतरी म्हणालं, "कुणीही आणा, पण भाकरी फिरवलीच पाहिजे." आणि माझं डोकं फिरलं. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे बसून लिहितोय.

ते जुनं कोडं तुम्हाला ठाऊक असेलच. भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. आपल्याकडे राजकारणात हे वाक्य इतकं चालतं की नेता बदलायचा म्हटलं की भाकरीच आठवते. ठीक आहे. पण अॅलेक्स फर्ग्युसन 2013 मध्ये निवृत्त झाला तेव्हापासून युनायटेडने ही भाकरी किती वेळा फिरवली ते मोजा. मोझ, व्हॅन खाल, मोरिनियो, सोल्शायर, टेन हाख, अमोरिम. कायम नेमलेले सहा, मधल्या काळात ढकलगाडी चालवणारे वेगळेच. साडेबारा वर्षं आपण ती फिरवतोय आणि ती दर वेळी करपतेय. कुठलीही आजी असती तर तिने दुसऱ्या भाकरीलाच उलथनं खाली ठेवलं असतं आणि तवा बघितला असता, चुलीतला जाळ बघितला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते जरा कडवट आहे. "पुढचा मॅनेजर कोण" हा प्रश्न आपण चाहत्यांनी शोधलेला नाही. तो आपल्या हातात दिला गेलाय, लहान मुलाच्या हातात खुळखुळा देतात तसा. आपण तो वाजवत बसलो की मोठ्यांना त्यांची कामं करता येतात.

आधी माझी पापं सांगून टाकतो. 2014 च्या एप्रिलमध्ये डेव्हिड मोझला काढलं तेव्हा मी पेढे वाटायचा बाकी होतो. सहा वर्षांचा करार केलेला माणूस दहा महिन्यांत गेला आणि मला न्याय झाल्यासारखं वाटलं. 2016 मध्ये व्हॅन खालने एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्याला काढलं, तेव्हा मी म्हणालो, बरं झालं, मोरिनियो येतोय. 2018 च्या डिसेंबरात मोरिनियो गेला तेव्हाही बरं झालं! 2019 च्या मार्चमध्ये सोल्शायरच्या पोरांनी पॅरिसमध्ये जाऊन पीएसजीला 3-1 ने हरवलं, त्या रात्री मी घरच्यांना उठवलं होतं. "याला उद्याच्या उद्या कायम करा" असं म्हणणाऱ्या हजारोंत मी एक. त्यांनी महिनाभरात कायम केलंही. 2021 च्या नोव्हेंबरात वॉटफर्डकडून 4-1 मार खाल्ल्यावर त्याला काढा म्हणणाऱ्यांतही मी होतोच. म्हणजे प्रत्येक नेमणूक मला पसंत आणि प्रत्येक हकालपट्टीही मला पसंत. माझ्यासारखा आज्ञाधारक चाहता कुठल्याही मालकाने पाळावा!

आता तुम्ही म्हणाल, हा फर्ग्युसनच्या जमान्यातले कढ काढणार. थोडे काढू द्या, कारण ती गोष्ट आपल्याला अर्धीच सांगितली जाते. 1989 च्या सप्टेंबरात युनायटेड सिटीकडून 5-1 ने हरली. डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने चादरीवर रंगवलेला बॅनर फडकवला, मतितार्थ असा की तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता निघा. तो हंगाम तेराव्या स्थानावर संपला. त्याच हंगामात एफए कप मिळाला आणि 1993 मध्ये लीग. यावरून आपण धडा काढतो, "मॅनेजरला वेळ द्या." चुकीचा धडा! नुसता वेळ देऊन काय होतं? त्या तीन-चार वर्षांत वर निकाल वाईट दिसत होते, पण खाली शहरभर पोरं हेरणारी माणसं वाढवली जात होती. बेकहॅम, गिग्ज, बट, गॅरी नेव्हिल ही पोरं 1992 चा यूथ कप जिंकली, ती आकाशातून पडली नव्हती. संचालक मंडळावर बॉबी चार्लटन बसलेला होता, ज्याला मैदानावर काय चाललंय हे कुणी फाइल उघडून समजावायची गरज नव्हती. तेराव्या स्थानावरच्या मॅनेजरला न काढण्याचं धाडस अशा मंडळाला झेपतं, कारण तळाशी काय शिजतंय ते त्यांना दिसत असतं.

मग 2005 आलं. माल्कम ग्लेझर या अमेरिकन उद्योगपतीने सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि त्या कर्जाचं बरंचसं ओझं खुद्द क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे कसं, तर मी तुमचं घर विकत घ्यायचं, त्यासाठीचं कर्ज तुमच्या घराच्या नावावर काढायचं आणि हप्ते तुमच्या स्वयंपाकघराच्या पैशांतून भरायचे. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं, हे आज सांगितलं तर नवी पोरं विश्वास ठेवत नाहीत.

(कोड्यातला घोडासुद्धा या गोष्टीत आहे बरं का. फर्ग्युसनचा मॅग्नियर आणि मॅकमॅनस या दोन बड्या भागधारकांशी 'रॉक ऑफ जिब्राल्टर' नावाच्या शर्यतीच्या घोड्यावरून वाद झाला होता. तो 2004 मध्ये मिटला. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी आपला हिस्सा ग्लेझरला विकला आणि क्लब त्याच्या हातात गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध किती, यावर लोक अजून भांडतात. असो.)

त्या वेळी मँचेस्टरमधल्या काही चाहत्यांनी काय केलं ते मला फार नंतर कळलं आणि कळल्यावर लाज वाटली. त्यांनी युनायटेडला जाणंच सोडलं आणि 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' नावाचा स्वतःचा क्लब काढला, सभासदांच्या मालकीचा, एका सभासदाला एक मत. इंग्लिश फुटबॉलच्या पार खालच्या पायरीवरून सुरुवात केली. 2010 मध्ये बाकीच्यांनी हिरवे-सोनेरी मफलर घातले. तो रंग न्यूटन हीथचा, म्हणजे 1878 मध्ये रेल्वे कामगारांनी काढलेल्या मूळ क्लबचा. मिलानकडून खेळायला आलेल्या बेकहॅमनेसुद्धा सामन्यानंतर तो मफलर गळ्यात घातला होता. ही माणसं "फर्ग्युसननंतर कोण" असं विचारत नव्हती, तवा फुटलाय असं सांगत होती. पण फर्ग्युसन कप जिंकत होता, त्यामुळे त्यांचं कोण ऐकणार? मी इथे बसून म्हणत होतो, काय कटकट लावलीय यांनी, जिंकतोय ना आपण! फुटक्या तव्यावर चांगली भाकरी भाजणारी एखादी सुगरण असते, तशातला तो प्रकार. सुगरण गेली आणि सगळं उघडं पडलं.

पुढे काय झालं ते पाहा. 2013 मध्ये फर्ग्युसनबरोबरच मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेला आणि कारभार एड वुडवर्डकडे आला. माणूस बँकिंगमधला, जाहिरातदार मिळवण्यात वाघ. फुटबॉलचं धोरण सांभाळणारा स्वतंत्र डायरेक्टर नेमायला या क्लबने 2021 चा मार्च उजाडू दिला. मधली आठ वर्षं दर मॅनेजरने आपापली यादी दिली आणि क्लबने आपापल्या मर्जीने खरेदी केली. डी मारियाला 2014 मध्ये जवळजवळ 6 कोटी पौंडांना आणलं आणि वर्षभरात विकलं. पोग्बासाठी 2016 मध्ये 8.9 कोटी, तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि 2022 मध्ये तो फुकट गेला. टेन हाखसाठी आयाक्समधून अँटनीला 8 कोटींच्या वर मोजून आणलं. व्हॅन खालला चेंडू राखणारे हवे होते, मोरिनियोला उंच दणकट गडी हवे होते, टेन हाखला ओळखीचे, अमोरिमला कडेने धावणारे. एकाने आणलेलं सामान दुसऱ्याला अडगळ! गवंडी बदलला की आधीची भिंत पाडायची, असं चाललं तर घर उभं राहणार कधी? 2022 मध्ये हंगामी मॅनेजर राल्फ रांगनिकने जाता जाता सांगितलं होतं की इथे वरवरची मलमपट्टी चालणार नाही, हृदयाचंच ऑपरेशन करावं लागेल. त्याला सल्लागार म्हणून ठेवायचं ठरलं होतं, तेही मग राहिलं.

आणि 2024 चा उन्हाळा तर कादंबरीत घातला तर संपादक कापेल. मे महिन्यात टेन हाखने सिटीला हरवून एफए कप जिंकला. क्लबने त्याच्या जागी इतरांशी बोलणी केली. मग त्यालाच ठेवलं. मग करार वाढवला. मग सुमारे 20 कोटी पौंडांचे खेळाडू आणले. मग ऑक्टोबरात त्याला काढलं! त्याला आणि त्याच्या साथीदारांना घरी पाठवायचा खर्च 1.04 कोटी पौंड. डॅन अॅशवर्थ नावाचा डायरेक्टर मोठ्या थाटात आणला होता, तो पाच महिन्यांत गेला, त्याचे 41 लाख. अमोरिमला स्पोर्टिंगकडून सोडवून आणायला वेगळे पैसे. त्याआधी मोरिनियो आणि मंडळींना निरोप देताना 1.96 कोटी गेले होते, ते जुन्या हिशेबात.

हे पैसे कुठून आले ते आता ऐका, कारण माझा खरा राग इथे आहे.

2024 च्या सुरुवातीला सर जिम रॅटक्लिफ नावाच्या अब्जाधीशाने क्लबचा सुमारे पाव हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला. त्या वर्षी अडीचशे नोकऱ्या गेल्या. 2025 च्या फेब्रुवारीत आणखी दोनशेपर्यंत जातील असं जाहीर झालं. ओल्ड ट्रॅफर्डमधली कर्मचाऱ्यांची कॅन्टीन बंद, फुकट जेवणाऐवजी फळं. हंगामाच्या मध्यातच, उरलेल्या सामन्यांची सभासदांची तिकिटं सरसकट 66 पौंड केली, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. आधी मुलाचं तिकीट 25 पौंडांपासून मिळायचं. म्हणजे ऑगस्टमध्ये जो बाप पोराला 25 पौंडांत मॅच दाखवत होता, त्याला डिसेंबरात त्याच पोरासाठी 66 मोजायचे. आणि बसायचं कुठे, तर 2024 च्या मे महिन्यात आर्सेनलच्या सामन्यानंतर ज्याच्या छपरातून धबधबा कोसळताना सगळ्या जगाने पाहिला, त्या स्टेडियममध्ये.

वरच्या माणसांनी मॅनेजर निवडण्यात चूक केली, ती निस्तरायला कोटी मोजले. शिक्षा कुणाला? कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या बाईला आणि त्या पोराला. यालाच आपल्याकडे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. आणि त्या आठवड्यांत आपण इथे कशावर वाद घालत होतो? अमोरिमने मागे तीन ठेवावेत की चार!

थांबा, मी अमोरिमची वकिली करत नाहीये. 2024-25 चा हंगाम पंधराव्या स्थानावर संपला, 42 गुण. 1974 मध्ये संघ खालच्या विभागात घसरला होता, त्यानंतरची ही सगळ्यात वाईट अवस्था. बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून हरलो. 2025 च्या ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने लीग कपमधून पेनल्टीवर बाहेर काढलं. हे सगळं होऊनही माणूस आपली रचना बदलायला तयार नव्हता. त्याला काढलं यात अन्याय काही नाही. माझा मुद्दा आहे की त्याला काढल्याने आपलं समाधान झालं, आणि ते व्हावं म्हणूनच त्याला काढलं जातं.

टोळक्यातला बँकवाला मित्र इथे नेहमी आडवा येतो. म्हणतो, "अरे, पण मॅनेजर बदलून फरक पडतो की! टुकेल 2021 च्या जानेवारीत चेल्सीला आला आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग घेऊन गेला." बरोबर. आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यालाही काढलं. नेदरलंड्समध्ये बास तेर वील या अर्थतज्ज्ञाने तिथल्या लीगचे 1986 ते 2004 चे निकाल तपासले. मॅनेजर काढला की संघ सुधारतो, हे खरं निघालं. पण तितकीच वाईट अवस्था असताना ज्यांनी मॅनेजर काढला नाही, तेही जवळजवळ तसेच सुधारले. ताप उतरायच्या वेळी जो अंगारा लावतो त्याचं नाव होतं, तसंच हे.

"मग क्लॉप? आर्टेटा?" तो म्हणतो. मी म्हणतो, हीच उदाहरणं माझ्या बाजूची आहेत बाबा. क्लॉप 2015 मध्ये लिव्हरपूलला आला तेव्हा कुठला खेळाडू का घ्यायचा हे ठरवणारी माणसं तिथे आधीपासून बसलेली होती. आर्टेटाची आर्सेनल लागोपाठ दोनदा आठवी आली, 2021 च्या ऑगस्टमध्ये पहिले तिन्ही सामने हरून तळाला गेली, तरी वरच्यांनी त्याला हात लावला नाही. आणि ब्रायटन बघा. 2022 च्या सप्टेंबरात त्यांचा पॉटर चेल्सीने पळवला. हंगाम ऐन सुरुवातीला. दुसरा आणला, डी झेर्बी, आणि ते सहावे आले. मॅनेजर गेला म्हणून तिथे आकाश कोसळलं नाही, कारण संघ मॅनेजरच्या खिशात नव्हता. भाकरी जरूर फिरवावी, पण त्यांच्यासारखी. आडात पाणी असेल तर पोहरा कुठलाही चालतो.

पैसे नाहीत असंही नाही. 2013 पासून खेळाडूंवर एक अब्ज पौंडांहून जास्त उधळलेत. ग्लेझरभक्त (असतात तेही!) हेच तोंडावर फेकतात. पण ते क्लबने स्वतः कमावलेले पैसे आहेत, आणि त्यातले काही आपले.

इथे मला थोडं टोचतं. त्या शनिवारी शेवटी बँकवाला म्हणाला, "हे सगळं खरं रे. पण आपण इथे पुण्यात बसून ग्लेझरला काय करणार? तो काय आपल्या ओरडण्याने जाणारे? मॅनेजर निदान जातो तरी." मी निरुत्तर झालो. या प्रश्नाला चांगलं उत्तर माझ्याकडे आजही नाही, पण एक साधी गोष्ट आहे. मॅनेजर जातो म्हणूनच तर त्याला तिथे उभा केलाय, आपल्याला काहीतरी घालवता यावं म्हणून. आणि आपण इथे बसून काहीच करत नाही, असं कुठे आहे? चॅनलचे पैसे आपण भरतो. दर वर्षी जर्सी बदलते, ती आपण घेतो. जगभर आपले इतके चाहते आहेत हे दाखवूनच जाहिरातदार मिळवले जातात आणि त्या आकड्यात तुम्ही-आम्ही आहोत. 2021 च्या मे महिन्यात, सुपर लीगच्या प्रकरणानंतर, मँचेस्टरचे चाहते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलावा लागला. त्या रात्री मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? रविवार फुकट गेला, असं! भजी तळून ठेवली होती.

तर मी टोळक्यासमोर एक ठराव मांडला. पुढच्या शनिवारपासून कुणीही नवीन नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायच्या आधी त्याने सांगायचं की या मॅनेजरला खेळाडू कोण निवडून देणार, तो गेला तर ते खेळाडू पुढच्याला चालणार का, आणि त्याला काढायचे पैसे कुणाच्या ताटातून जाणार. उत्तरं नसतील तर गपचूप चहा प्यायचा. झिदानवाल्यासकट सगळ्यांनी माना डोलावल्या. या वर्षीची जर्सी कुणी घ्यायची नाही हे कलमही मी सुचवलं होतं. ते नामंजूर झालं, एकाच्या पोराचा वाढदिवस होता.

पुढचा शनिवार म्हणजे 17 जानेवारी. मधल्या काळात उरलेल्या हंगामापुरती मायकल कॅरिकला सूत्रं दिली होती आणि त्याचा पहिलाच सामना सिटीशी. युनायटेडने 2-0 ने मारला. दुसरा गोल झाला तेव्हा झिदानवाला सोफ्यावर उभा राहून ओरडत होता, "कॅरिकलाच कायम करा! मी म्हणत नव्हतो?" तो असं कधीच म्हणत नव्हता. ठरावाची आठवण कुणालाच राहिली नाही. मलाही नाही. सिटीला हरवलं होतं हो!